पाहुणं पाणी

मास्तरांनी चहा कच्च्या कपात ओतला, आणि मास्तरांच्या आधी कपानेच तो प्यायला.

ताई समोर बसली होती. आधी तिला वाटलं, कप गळतोय. मग कपाच्या अंगावर एक गडद पट्टा वर चढताना दिसला, भिंतीला ओल चढावी तसा. मास्तर चष्म्याशिवाय वर्तमानपत्राचे मथळे लावण्यात गुंतले होते. नजर न उचलताच त्यांनी कपाचा कान धरला. कान हातात आला, कप खालीच राहिला. मग कपाने गुडघे टेकले, एका कुशीवर बसला, आणि चहाचा चिखल टेबलावरून बातम्यांच्या दिशेने निघाला.

“मास्तर!”

“अरेच्चा.” मास्तरांनी हातातला कान डोळ्यांशी नेला. “हा कच्चा होता.”

“आता कळलं?”

“पक्क्याच्या फळीवरून घेतला मी.”

त्या घरात कच्चं आणि पक्कं हे शब्द अ-आ-ईच्या आधी शिकवले जात. ताईची आई मातीची भांडी घडवायची. घराच्या मागच्या अंगाला तिची मातीची खोली होती. मधोमध चाक, कोपऱ्यात पिंपाएवढी विजेची भट्टी, डाव्या हाताला कच्च्याची फळी आणि उजव्या हाताला पक्क्याची. घरात कायदे पुष्कळ होते आणि सगळे मोडण्यासाठीच होते, पण एक मात्र कुणी मोडत नसे: कच्च्याला हात नाही. मास्तर तर संसार केला तेवढी वर्षं रोज सकाळी उजव्या फळीवरून कप उचलत आले होते, तेही डोळे मिटून. डोळे चहा पोटात गेल्याशिवाय उघडत नसत.

त्यांना सगळेच मास्तर म्हणत, पोटची मुलंसुद्धा. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि दोन्ही मुलं त्यांच्याच वर्गात होती. शाळेत ‘बाबा’ म्हणायचं नाही असा दंडक त्यांनी घातला, तो मुलांनी घरीही चालू ठेवला. आईने ते ऐकलं आणि तीही मास्तर म्हणायला लागली. निदान त्या नावाने ऐकू तरी येतं, असं तिचं म्हणणं.

“पक्क्याच्या फळीवर कच्चा कप आला कसा?” मास्तरांनी आता वर्गातला आवाज लावला. “तिच्या हातून असं कधी होणार नाही.”

मागच्या शनिवारी डाव्या फळीचा खिळा हललेला दिसला म्हणून ताईनेच तिथले सहाही कच्चे कप उचलून उजवीकडे ठेवले होते, तेवढ्यापुरते. मग खिळा ठोकायला हातोडी शोधली, हातोडी मिळाली नाही, आणि ती आपल्या घरी निघून गेली.

“मी ठेवले,” ती म्हणाली. “पण म्हणून बघायचं नाही का माणसाने? रंग दिसत नाही? वजन कळत नाही?”

“माझा फळीवर विश्वास होता,” मास्तर म्हणाले.

ताई फडकं आणायला उठली, तर मास्तरांनी हात आडवा घातला. “फडकं नको. माती जाईल त्यात.” त्यांनी वाडगा आणला, चमचा आणला, आणि टेबलावरचा चिखल लहान मुलाच्या हनुवटीवरचं खाणं पुसून घ्यावं तसा चमच्याने निपटून वाडग्यात भरायला लागले. तुटका कानही त्यात टाकला. “काही गेलेलं नाही, ताई. भौतिक बदल आहे हा. माती तीच. फक्त रूप—”

“मास्तर, एक शब्द बोलू नका.”

“शब्द कुठला? शास्त्र आहे ते.”

शास्त्र! या शास्त्राने ताईचा जन्मभर पिच्छा पुरवला होता. दूध नासलं की मास्तर वाकून बघत आणि निकाल देत: रासायनिक, रडू नका, ओतून द्या. काचेचा पेला फुटला: भौतिक, पण हात लावू नका. धाकटा परीक्षेत नापास झाला: भौतिक, पुन्हा बसता येतं. ताईचं लग्न मोडलं तेव्हा सगळं गणगोत ‘होईल नीट, होईल नीट’ करत होतं, आणि मास्तर एकटेच म्हणाले होते, रासायनिक. तेवढ्या एका वेळी तिला त्यांचा राग आला नव्हता. दवाखान्यात, आई गेल्याचं सांगून डॉक्टर आत वळले तेव्हा, तिने वाट पाहिली होती. मास्तर काहीच बोलले नाहीत.

हे सहा कप आईने दवाखान्यात जायच्या आधी केले होते. केले, कान चिकटवले, प्रत्येक कानाच्या मुळाशी अंगठा दाबून तिची ती खळी उमटवली, आणि फळीवर वाळत ठेवले. “वाळेपर्यंत येतेच मी,” म्हणाली. कप वाळले.

आता भट्टी जायची होती. आईच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी होती. मुलगी कसली, आता तिला चाळिशीचा चष्मा लागला होता, पण घरात तिचं नाव शिष्या पडलं ते पडलं. आईने भट्टी तिला कबूल केली होती आणि सोमवारी दुपारी ती गाडी घेऊन येणार होती. त्याआधी कप भाजून घ्यायचे, एवढं साधं काम. पण ताईने विषय काढला की मास्तरांकडे कारण तयार. हवा दमट आहे. तारेचा वास येतोय. भट्टीचा काटा बरोबर दाखवत नाही. एकदा तर म्हणाले, आज मला कसंसंच होतंय. आणि तेवढ्यातच उठून त्यांनी दोन अंडी खाल्ली.

“उद्या सकाळी भट्टी लावायची,” टेबल पुसता पुसता ताईने जाहीर केलं. “राहिलेले पाच तरी पदरात पाडून घेऊ.”

“घाई काय आहे?”

“परवा भट्टी चाललीये, मास्तर!”

“जाऊ दे. कप राहतील कच्चे. कुठे बिघडलं?”

“म्हणजे तुम्ही रोज एकेकात चहा ओता. शुक्रवारपर्यंत निकाल.”

“ताई, भाजले की मग झाले ते.”

“व्हायलाच तर केलेत तिने!”

“अर्धे केलेत,” मास्तर म्हणाले आणि वाडगा उचलून मातीच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला. सत्तरी उलटलेला माणूस!

दिवसभर आतून आवाज येत राहिले. पाणी निथळल्याचा, काहीतरी घासल्याचा, मग धप्प, धप्प. ताईला तो आवाज पाठ होता. आई पातळ चिखल प्लॅस्टरच्या लादीवर ओतून ठेवायची. लादी पाणी शोषून घ्यायची, माती मळण्याजोगी घट्ट व्हायची, आणि मग आई तिला आपटून आपटून आतली हवा काढायची. फक्त आईचा धप्प एका लयीत पडायचा. हा धप्प मध्येच थांबत होता आणि मध्येच कुणावर तरी सूड घेत होता. ताईने दोनदा दारावर थाप मारली. “जेवायचं नाही का?” आतून उत्तर आलं, “काम चालू आहे.” ती एकटी जेवली, त्यांच्यासाठी झाकून ठेवलं, आणि भांडी गरजेपेक्षा जास्त आवाज करत घासली.

संध्याकाळी दार उघडलं. मास्तरांच्या भुवयांवर माती होती, कानात माती होती, सदऱ्याची तर बातच नको. दोन्ही तळहातांवर ते एक वस्तू घेऊन उभे होते.

त्या वस्तूला कप म्हणायला मन मोठं करावं लागलं असतं. भिंत विटेएवढी जाड. तोंड एका बाजूला उतरलेलं, दाढ दुखत असल्यासारखं. आणि कान! जन्मभर पोरांचे कान पिळलेल्या माणसाने केलेला कान होता तो, पिळूनच लावलेला. त्याच्या मुळाशी मास्तरांनी अंगठा दाबला होता. चांगला खोल खड्डा पडला होता.

“परत केला,” मास्तर म्हणाले. “उलटवता येणारा बदल. सिद्ध झालं.”

ताईला हसू आलं असतं, पण सकाळपासून ती इतकी वैतागली होती की हसण्याला वाटच नव्हती. “छान,” ती म्हणाली. “आता हात धुऊन जेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भट्टीचं झाकण उघडलं आणि कप आणायला गेली. उचललेला प्रत्येक कप ती गालाला लावून बघत होती. आईची रीत ती. वर्गात मास्तर जे फळ्यावर लिहीत, ते घरी आई गालाने करायची. मातीत दोन पाणी असतात, असं ती सांगायची. एक पाहुणं, एक घरचं. पाहुणं पाणी ऊन-वारा दिसला की उठून जातं, आणि वरून ओतलं की पुन्हा येऊन बसतं, सगळ्याचा चिखल करतं. घरचं पाणी मातीच्या हाडात मुरलेलं. ते उन्हाला दाद देत नाही, विस्तवातच बाहेर पडतं, आणि ते एकदा गेलं की ती माती पुन्हा कधी विरघळत नाही. मूळ धडा मास्तरांचाच. आईने त्यातल्या पाण्याला नातीगोती लावली एवढंच. पाहुणं गेलं की नाही ते गालाला कळतं. पाणी उडून जात असेल तर माती गार लागते. गेलं असेल तर खोलीइतकीच.

पाचही कप खोलीइतकेच होते. तिने ते भट्टीत मांडले. वळून बघते तर मास्तर आपली वीट घेऊन मागे उभे.

“हाही.”

“नाही.”

“जागा आहे की.”

“मास्तर, हा काल संध्याकाळी केलाय.”

“रात्रभर पंख्याखाली ठेवला होता. पंखा मोठा केला होता. मला सर्दी झाली.”

ताईने तो त्यांच्या हातातून घेतला आणि गालाला लावला. बेडूक लागला असता तर बरा. “गार आहे. ठार गार. पाहुणं पाणी आत पाय पसरून बसलंय. शंभराच्या पुढे गेलं की त्याची वाफ होणार, एवढ्या जाड भिंतीतून तिला वाट मिळणार नाही, आणि हा फुटणार. एकटा फुटला तर फुटो, पण आईचे पाचही घेऊन जाईल. हे मला शिकवलं कुणी?”

“मी.”

“मग?”

“मंद आचेवर दिवसभर ठेवला, झाकणाला फट ठेवली, तर—”

“तर काय? फुटणार नाही अशी खात्री देता? तुम्ही परीक्षक असता तर स्वतःला या उत्तराला किती गुण दिले असते?”

“शून्य,” मास्तर म्हणाले. आणि मग, शून्य घेतलेला विद्यार्थी बाकावरून हलत नाही तसे, तिथेच उभे राहून म्हणाले, “पण माती तिची आहे, ताई. तिने कमावलेली. तिच्या हातचे सहा होते. पाच भाजले आणि हा राहिला तर मग हा कुठे जाणार?”

ताईच्या ओठांवर दहा उत्तरं होती. तुम्ही बघून कप घेतला असतात तर. मी खिळा ठोकला असता तर. हातोडी जागेवर असती तर; या घरात एक वस्तू जागेवर नसते! पण तिची नजर आईच्या पाच कपांकडे गेली. पाचही कान एकाच बाजूला वळवून तिने ते मांडले होते, आई मांडायची तसे. त्यांच्याशी जुगार खेळायचा नव्हता, मग समोरचा माणूस कितीही केविलवाणा दिसो.

ती उठली. मास्तरांच्या पायातली जाड चप्पल मागून घेतली, तिच्या टाचेने डाव्या फळीचा खिळा ठोकून घट्ट केला, फळी हलवून पाहिली, आणि मास्तरांची वीट नेऊन मधोमध ठेवली.

“इथे जाणार. कच्च्याच्या फळीवर. कच्च्याला हात नाही. तुमचाही नाही.”

मास्तरांनी फळीकडे पाहिलं. मग एका पायात चप्पल नसलेलेच भट्टीपाशी आले. बटण नेहमी तेच दाबायचे. आईचं विजेशी पटत नसे. माती माझी, वीज मास्तरांची, अशी वाटणी होती. ताईने झाकण खाली केलं, वाफेला जायला फट ठेवली, आणि थांबली. मास्तरही थांबले. इतका वेळ थांबले की ती पुन्हा चिडायच्या बेतात होती.

“एकदा लावली की परत नाही,” ते म्हणाले.

“माहितीये.”

“घरचं पाणी जाणार आता.”

“दाबा, मास्तर.”

त्यांनी दाबलं.

सोमवारी सकाळी भट्टी उघडली तेव्हा कप अजून कोमट होते. पांढुरक्याचे तांबूस झाले होते. ताईने नखाने एकेकाला टिचकी मारली. कच्चं थप्प बोलतं, भाजलेलं टण्ण. चार टण्ण बोलले. पाचव्याला कानापासून तळापर्यंत केसाएवढी रेघ गेली होती आणि तो घसा बसल्यासारखा बोलला. मास्तरांनी नेमका तोच उचलला.

“चार चांगले असताना हाच का?”

“चांगले राहू देत ना चांगले.”

त्यांनी चहा ओतला. दोघंही कपाकडे बघत बसली. कप उभा राहिला. थोड्या वेळाने तळाशी टेबलावर एक ओलं कडं उमटलं. झिलई नसलेली माती, थोडं पाझरायचंच.

“पाझरतोय,” ताई म्हणाली.

“पण बसत नाहीये खाली.”

“मग प्या ना पटापट! बघत काय बसलात?”

दुपारी शिष्या आली. भट्टी गाडीत चढवताना तिचं तोंड सतत चालू होतं, आणि रडणं व सूचना ती एकाच दमात करत होती. “सावकाश, अरे, तिला धक्का नको, बाईंनी किती जपलीये, डावीकडून, डावीकडून!” जाता जाता तिची नजर कच्च्याच्या फळीवर गेली. “अगं बाई! हे काय आहे?”

“कप,” मास्तर आणि ताई एकदम म्हणाले.

शिष्येने चष्मा वर केला, खाली केला. “असू दे,” ती म्हणाली. “वाळला की पाठवा, भाजून देते. पण पूर्ण वाळू दे हं. भारीच जाड आहे.”

त्यानंतर दर शनिवारी ताई यायची आणि मास्तर तिच्या आधी मातीच्या खोलीत जाऊन उभे राहायचे. जन्मभर बाष्पीभवन शिकवलेला माणूस वीट दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून, दाढी वाढलेल्या गालाला लावायचा. “गार आहे अजून,” म्हणायचा आणि परत ठेवायचा. गालावर मातीचा ठसा घेऊन दिवसभर फिरायचा. बाजारातसुद्धा तसाच जायचा. सांगून उपयोग नसे.

असे पुष्कळ शनिवार झाले. हवा कोरडी झाली, दारं फुगलेली होती ती सुकून करकरायला लागली, ताईचे ओठ फुटले.

“गार आहे अजून,” मास्तर म्हणाले.

“शक्यच नाही. द्या इकडे.”

तिने तो घेतला. कडेने पांढुरका झाला होता, वजनाला हलका झाला होता. तिने तो गालाला लावला. खोलीइतकाच होता. नुसता वाळला नव्हता, वाळून जुना झाला होता. शिष्येचा फोन दोनदा येऊन गेला होता. आणि हा माणूस महिनाभर, धडधडीत, दर शनिवारी, गालाला लावून खोटं बोलत होता! विज्ञानाचा मास्तर! ती बोलायला वळली.

मास्तर फळीवरची धूळ फडक्याने पुसत होते. कोरड्या फडक्याने. कप ठेवायची तेवढी जागा त्यांनी दोनदा पुसली.

तिने कप दुसऱ्या गालाला लावून पाहिला.

“आहे थोडा गार,” ती म्हणाली. “आणि ती हातोडी सापडली की नाही अजून? किती वेळा सांगायचं, मास्तर, एक वस्तू जागेवर ठेवत जा!”